चुलीवर पाणी

मेजर तेलगोटे दारात वाकून आत डोकावले, आणि त्यांच्या तोंडून शब्द फुटायच्या आधीच केशरबाईनं पेटत्या चुलीवर तांब्याभर पाणी ओतलं. तव्यावर अर्धी भाजलेली भाकर होती. चर्र आवाज झाला, राखेचा आणि वाफेचा लोट उठून त्या बुटक्या खोलीत भरला, आणि त्या धुरात ती बाई पदर पुढं ओढून भिंतीशी खाली बसली. रडली नाही. नुसती पाहत राहिली, की आता सांगा. अकोल्याचं जुनं शहर, मोर्णेकाठची वस्ती, बासष्ट सालच्या नोव्हेंबरातली सकाळ. अंगावर इस्त्रीची वर्दी, छातीवर पदकांची पट्टी, काखेत टोपी. पोरगं नेफात, चीनच्या सरहद्दीवर, लढाईवर गेलेल्या आईच्या दारात असा माणूस उभा राहिला तर तो कशासाठी आला, हे तिला कोणी शिकवायला नको होतं. ज्या घरातलं माणूस जातं त्या घरात चूल पेटत नाही. ती तिनं आपल्या हातानं विझवून टाकली होती. सांगणाऱ्याला तेवढंच सोपं.

सभेत, वर्तमानपत्रात आणि विधानसभेच्या हजेरीत तो मेजर तेलगोटे, अमरावती जिल्ह्यातला आमदार. स्वतःच्या मनात मात्र तो अजूनही देवमनच होता, दर्यापूरकडच्या डोमाजी कोतवालाचा पोरगा, आणि या घटकेला तर निव्वळ देवमन. काय झालं ते उमजायला त्याला जरा वेळ लागला.

"माय, तसं काई नाही," तो म्हणाला. "तुमच्या सूर्यभानचं तसं काईच आलेलं नाही."

"मंग काहून आले?"

आता या प्रश्नाला उत्तर होतं. दुपारी मैदानावर सभा होती, संरक्षण निधीची. लढाईवर गेलेल्या पोरांच्या आयांना मंचावर बसवून हार घालायचे, साडी-चोळी द्यायची असं ठरलं होतं. केशरबाईचा नवरा देवमनच्याच गावचा, कापसाच्या जिनात कामाला म्हणून अकोल्याला आला आणि इथंच संपला. तेव्हा तिला आपण स्वतः घेऊन यावं असं देवमनच्याच डोक्यात आलं होतं. निरोप शेषरावानं आदल्या दिवशीच द्यायचा होता, तो पोचलाच नव्हता. शेषराव पक्षाचा कार्यकर्ता, मनानं भला, पण मांडव दिसला की बाकीचं जग विसरणारा. हे सगळं देवमननं त्या धुरात उभं राहून सांगितलं, आणि सांगता सांगता ते त्याचं त्यालाच ऐकवेना. बाईचा विश्वास बसत नव्हता. तिला वाटत होतं साहेब आडून आडून सांगून राहिले, मोठी माणसं असंच सांगतात. शेवटी त्यानं आपल्या पोरीची शपथ घेतली तेव्हा कुठं तिचा चेहरा ढिला पडला. मग तिनं चुलीकडे पाहिलं. काळं पाणी चुलीच्या तोंडातून वाहत सारवलेल्या जमिनीवर येत होतं.

"मीच इझवली," ती म्हणाली. "जितं पोरगं, अन् मीच पानी टाकलं."

देवमननं टोपी खुंटीला लावली, पट्टा सोडला आणि गुडघे टेकून चुलीपुढं बसला. ब्रह्मदेशात त्यानं ओल्या बांबूवर चहा उकळला होता. हे तर मोर्णेकाठचं साधं सरपण. पण लाकडं चांगली भिजली होती, गोवऱ्यांचा लगदा झाला होता, आणि फुंकून फुंकून डोळ्यांत पाणी यायचं तेवढं आलं, जाळ काही धरला नाही. केशरबाई बघत होती. आमदारसाहेब राखेत हात घालून बसलेत याचं तिला काही वाटलं नाही, की वाटायला तिच्याकडे जागा नव्हती, कोण जाणे. थोड्या वेळानं तीच म्हणाली की राहू द्या साहेब, तुमची सभा खोळंबली असन. हे सगळं शकुन-अपशकुन आपण छप्पन साली नागपूरला दीक्षा घेताना सोडून आलो, असं देवमन दर मंचावरून सांगायचा. टाळ्या पडायच्या. तेच वाक्य आता त्याच्या जिभेवर आलं आणि तिथंच राहिलं. या बाईला ते सांगण्याइतका तो निबर झाला नव्हता, एवढंच म्हणायचं.

सभा झाली. हार घालून घ्यायला केशरबाई आली नाही, आणि देवमन उशिरा पोचला, वर्दीच्या गुडघ्यांवर राख घेऊन. भाषण कसं झालं ते त्याला आठवत नव्हतं. लोकांना आवडलं म्हणे. केशवराव, म्हणजे पक्षाचे जिल्ह्यातले सर्वेसर्वा, जीपमध्ये शेजारी बसले आणि मूर्तिजापूर येईपर्यंत बोलत राहिले. त्यांचं म्हणणं असं की वर्दी हजार भाषणांना भारी आहे. निवृत्त माणसानं ती घालायची ती समारंभापुरती, हा नियम देवमननं एकदा सांगून पाहिला होता. त्यावर, सध्या देशात रोजच समारंभ आहे, असं म्हणून ते हसले होते. मुंबईत एक उपमंत्रिपद रिकामं होतंय, तिथं फौजेतला माणूस हवाय, आणि तो आपल्या समाजातला मिळाला तर फारच बरं, असं त्यांच्या कानावर होतं. पुढच्या आठवड्यात बोलावणं येईल. तुम्ही फक्त वर्दी धुवायला टाकून ठेवा, साहेब. देवमन हूं हूं करत होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस फुटला होता, वेचणाऱ्या बाया ओळीनं वाकल्या होत्या, आणि त्यांतली एखादी जीपच्या आवाजानं कंबर सरळ करून पाही तेव्हा त्याला अंगावरच्या कपड्यांची लाज वाटे. मंग काहून आले? काहून आलो मी? हजार वेळा कसलीही बातमी नसताना दारात जाणारा माणूस आणि एकदा बातमी घेऊन जाणारा माणूस, बाहेरून दोघं सारखेच दिसतात. हे आपल्या लक्षात कसं आलं नाही? इतकी वर्षं तीच वर्दी अंगावर होती, पण ती दारातून कशी दिसते ते त्यानं कधी पाहिलंच नव्हतं. तो कायम तिच्या आत होता.

आणि मग बडनेरा आलं. बडनेऱ्याच्या स्टेशनावरून तो आमदार म्हणून शेकडो वेळा गेला असेल, मुंबईची गाडी तिथूनच धरावी लागे. तरी ते फाटक दिसलं की त्याच्या आत कुठंतरी एक जुना काटा हलायचा. शेहेचाळीस साली तो तिथंच उतरला होता. मॅट्रिक झालेला म्हणून फौजेत कारकुनी मिळेल या आशेनं गेलेला कोतवालाचा पोरगा ब्रह्मदेशातून अफसर होऊन परत आला होता. ज्या गावात पोष्टमन वस्तीत पाय ठेवत नसे, वेशीवर उभा राहून नावानं हाक मारी आणि पत्र दगडावर ठेवून बाजूला होई, त्या गावची माणसं हार घेऊन आली होती. बरोबर उतरलेल्या शिपायांच्या आया, बायका गळ्यात पडून रडत होत्या, फलाटावर नुसता कल्लोळ. त्याची माय तर त्याला हातांनी चाचपून पाहत होती, सगळे अवयव जागच्या जागी आहेत का म्हणून. आणि मायच्या मागं जयवंता उभी होती. त्याची बायको. जंगलात, पावसात, जळवा पायांवरून खुडून काढताना ज्या तोंडाची त्यानं चार वर्षं आठवण काढली होती, ते तोंड खाली होतं. ती त्याच्या बुटांकडे पाहत होती. "आले?" एवढंच म्हणाली, त्याची वळकटी उचलून डोक्यावर घेतली आणि चालायला लागली. तिचे डोळे कोरडे होते. हे त्यानं नीट पाहिलं होतं, वळकटी घेताना तिचा पदर सरकला तेव्हा.

तसं म्हटलं तर त्यात काय? बाई लाजली असेल. चारचौघांत रडणारी नसेल. देवमननं स्वतःला हे सगळं सांगून पाहिलं होतं, पण घरी गेल्यावरही तिचं तेच. रांधायची, वाढायची, आंघोळीला पाणी काढायची, विचारलं की उत्तर द्यायची, आणि त्याच्या तोंडाकडे पाहायची नाही. परक्या पाहुण्यासारखं त्याचं सगळं व्यवस्थित चाललं होतं. त्या वर्षी काही महिने त्यानं गावातल्या एकेका पुरुषाकडे संशयानं पाहिलं; आजही ते आठवलं की कान गरम होत. तसं काही नव्हतं. मग दिवस गेले, मुलगी झाली, पलटणीनं काश्मीरला नेलं, छावण्या बदलल्या, पंचावन्न साली मेजर होऊन तो घरी बसला, छप्पनला दीक्षा घेतली, सत्तावनला निवडणूक. जयवंता अक्षरं शिकली. पांढरं लुगडं नेसून ती वस्तीवस्तीत फिरली, आणि खरं सांगायचं तर आमदारकीची निम्मी मतं तिनंच आणली. साहेब भाषण चांगलं देतात, बाई मात्र घरात येऊन बसतात, असं लोक म्हणत. हळूहळू ती त्याच्याकडे पाहायला लागली, हसायला लागली, चिडायलाही. संसार बरा झाला, बऱ्याहून बरा. पण त्या एका गोष्टीला दोघांनी हात लावला नाही. चव्वेचाळीस साली जपान्यांच्या वेढ्यात असताना उन्हाळ्यापासून दिवाळीपर्यंत त्याचं एक पत्र घरी पोचलं नव्हतं. त्या महिन्यांत तू माझी वाट पाहिली होतीस का? एवढा एकच प्रश्न. सभागृहात मंत्र्याला उभं करून दहा प्रश्न विचारणाऱ्या माणसाला घरात हा एक विचारता आला नव्हता. कारण उत्तर नाही असं आलं तर? मग ज्या तोंडासाठी तो जगून परत आला, ते तोंड त्याचं नव्हतंच, असं व्हायचं. इतकी वर्षं तो हे भय घेऊन तिच्या शेजारी झोपत होता, आणि तिला त्याची चाहूल नव्हती.

अमरावतीला कॅम्पातल्या घरी जयवंतानं वर्दी उन्हात टाकायला घेतली आणि नाकाशी नेली. "कोनाच्या चुलीपाशी बसले होते?" तिनं विचारलं. थट्टेनंच विचारलं. त्यानं सांगितलं, सगळं सांगितलं, आणि सांगताना तो तिच्याकडे पाहत होता. चुलीवर पाणी पडलं तिथवर आल्यावर तिचा हात वर्दीच्या बाहीवर थांबला. मग म्हणाली, "मंग भाकर खाल्ली का तिनं?"

देवमनला माहीत नव्हतं.

"तसेच निंघून आले तुमी?"

तो तसाच निघून आला होता. शेजारणीला सांगायचं, कुणाच्या घरून जेवण पाठवायचं, असलं काही त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं; राखेत हात घातले म्हणजे आपण केवढं केलं असं त्याला वाटून राहिलं होतं. वर्दी झटकून जयवंतानं दोरीवर टाकली आणि आत गेली, आणि तिच्या जाण्यात असं काही होतं की त्याला तिच्या मागं जाऊन आत्ताच विचारून टाकावंसं वाटलं, त्या महिन्यांत काय केलंस तू, सांग एकदाचं. तो उठलाही. तेवढ्यात दारात दोघं माणसं रेशनच्या साखरेची तक्रार घेऊन आली. आमदाराच्या घरी कोणीतरी येतंच, आणि देवमनला त्याचं बरंही वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही.

त्यानंतर अंजनगाव सुर्जीच्या सभेला तो सदरा-पायजम्यात गेला. केशवरावांनी कपाळाला हात लावला. देवमननं वर्दी धुतलेली नाही असं काहीतरी सांगितलं, पोरकट थाप, आणि केशवरावांनी ती ऐकून घेतली, कारण उपमंत्री होणाऱ्या माणसावर किती रागवायचं याचाही एक अंदाज असतो. इकडे देवमननं जुन्या पलटणीतल्या ओळखी काढून सूर्यभानची चौकशी लावून ठेवली होती. कोणीच नीट सांगेना. लढाई थांबली असं रेडिओवर आलं, रस्त्यात लोक पेढे वाटतात की रडतात ते कळेना, आणि एका सकाळी ट्रंक कॉल आला. पलीकडून ओमप्रकाश बोलत होता, काश्मीरात त्याच्या हाताखाली असलेला, आता पलटणीच्या केंद्रावर मोठ्या जागी. आवाज मध्ये मध्ये तुटत होता. तुकडी मागं हटताना पोरगा बरोबर होता, खाली पोचलेल्यांत नव्हता. मेलेल्यांत नाव नाही. पकडलेल्यांत नाव नाही. बेपत्ता. घरी सरकारी तार जायला अजून वेळ लागेल, सर, ओमप्रकाश म्हणाला, आणि लाइन गेली.

जयवंता दारात उभी होती. "गेलं का पोरगं?"

"माहीत नाही. सापडून नाही राहिलं."

"मंग सांगा तिले."

"काय सांगू?" देवमन म्हणाला, आणि त्याचा आवाज असा चढला की तो स्वतःच दचकला. "मेलं म्हनून सांगू, का जितं म्हनून सांगू? आता मी दारात दिसलो तं ती काय ओतन चुलीवर?"

जयवंतानं थोडा विचार केला. मग ती म्हणाली की मी येते, आणि आत जाऊन पिशवी भरायला लागली.

नेमकं त्याच दिवशी मुंबईला निघायचं होतं. बोलावणं आदल्या दिवशीच आलं होतं; केशवरावांनी तिकीट काढून ठेवलं होतं, गाडीत बसवून द्यायला ते स्वतः बडनेऱ्याला आले होते, आणि बरोबर बाईसाहेबांना पाहून, वा, शपथविधीला दोघं, असं म्हणून खूश झाले. त्यांना काही सांगायचा देवमनला धीर झाला नाही. मुंबईची गाडी अकोल्यावरूनच जाते. गाडी सुटली, केशवराव हात हलवत मागं पडले, आणि अकोल्याला दोघं निमूट उतरले. दुपारी मेल होती. ती धरली तरी वेळेत पोचता येणार होतं. टांग्यात बसल्यावर देवमननं तेवढं बोलून दाखवलं. जयवंता हो म्हणाली. ती पिशवी मांडीवर घेऊन रस्त्याकडे पाहत होती, आणि तिच्या कपाळावरची ती जुनी रेघ, विचार करताना उमटणारी, खोल गेली होती. मोर्णेच्या पुलावर टांगा हळू झाला. नदीत पाणी थोडंच होतं, बाया धुणं आपटत होत्या. जयवंतानं मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं आणि पूल संपेपर्यंत ती पाहतच होती.

केशरबाई अंगणात तूर पाखडत होती. तिनं मान वर केली, आधी देवमनला पाहिलं, मग त्याच्या मागच्या बाईला, आणि सूप खाली ठेवलं. जयवंता पुढं झाली, तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला उठवलं आणि आत नेलं, जशी काही दोघींची जन्माची ओळख. दारात वळून ती देवमनला म्हणाली, "तुमी इथंच बसा." भिंतीशी एक बाज होती, सुंभ सैल पडलेला. आमदार तिच्यावर बसले. कुडाची भिंत, आतलं सगळं ऐकू येत होतं, ओढून घेतलेला श्वाससुद्धा.

जयवंतानं आडवळणानं सांगितलं नाही. पोरगं सापडून नाही राहिलं माय, ती म्हणाली, मेलं असं कोनी सांगतलं नाही, जितं हाय असंबी कोनी सांगतलं नाही, आमाले समजलं ते एवढंच. देवमन आपल्या हातांकडे पाहत होता. तो असता तर या जागेवर बोलला असता, देशासाठी म्हणाला असता, सरकार म्हणाला असता, आशा म्हणाला असता. जयवंता गप्प होती. मग केशरबाईचा आवाज आला, कोरडा, बाजारात एखाद्या गोष्टीचा भाव विचारावा तसा.

"मंग मी काय धरू?"

"तेच सांगाले आली," जयवंता म्हणाली.

आणि ती सांगायला लागली. हे ब्रह्मदेशात होते तेव्हाचं. देवमनची मान वर झाली. ती सांगत होती की उन्हाळा गेला, पाऊस गेला, चिठ्ठी नाही. पोष्टमन वेशीवर हाक मारायचा तर आपण रोज वेशीवर जायची, दगडाकडे पाहायची, परत यायची. सासू म्हणायची येईल, येईल. मग शेजारच्या गावच्या एकाची तार आली, ह्यांच्याच पलटणीतला, आणि त्या रात्री तिच्या मनानं धरलं की हेही गेले.

"दुसऱ्या दिवशी धुनं घेतलं अन् नदीवर गेली," जयवंता म्हणाली. "एकटी. अन् रडून घेतलं माय. पुरं रडून घेतलं, बाकी काई ठेवलं नाही. धुनं वाळू घातलं, घरी आली, सयपाक केला. सासूले समजू नाही देल्लं. त्या दिसापासून माझ्यासाठी हे नव्हते. मी मनातून काढून टाकलं होतं. नाईतं जगली असती कशी मी? दिवाळीले चिठ्ठी आली का जिते हायेत, पन काढून टाकलेलं मनात परत आनता आलं नाही. अन् मंग हे आले."

बाजेचा सुंभ देवमनच्या मुठीत आला होता.

"बडनेऱ्याले गाडीतून उतरले. समद्या बाया रडून राहिल्या. माझ्यापाशी रडनंच नव्हतं, ते मी देऊन बसली होती नदीले. अन् वरतं पाहवेना. मले वाटे, याह्यनं माझ्या तोंडाकडे पाह्यलं तं याह्यले समजन, का इनं मले पुरून टाकलं होतं. जित्या मानसाले." ती थांबली. "म्हनून सांगते, तू काईच धरू नको. मागून रडता येते, रडाले जलम पडला हाय. पन आधी रडून घेतलं, अन् मानूस दारात आला, तं त्याले घरात कुठी ठेवाव तेच समजत नाही."

ती वाट पाहत नव्हती. इतकी वर्षं ज्या उत्तराला तो भीत होता ते हेच होतं, शब्दांत, बाईच्या तोंडून, कुडाच्या भिंतीपलीकडून. आणि देवमनला काही झालं नाही. म्हणजे झालं, पण भलतंच झालं. त्याला ती नदीवर दिसली, धुण्याच्या ढिगाशी बसलेली, पोरसवदा, कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून तोंडात पदर कोंबलेली, एकटी त्याचं सगळं मरण उरकून घेणारी. आणि नंतर, बडनेऱ्याच्या फलाटावर, अपराध्यासारखी बुटांकडे पाहणारी. कोरडे डोळे म्हणून तो ज्याला इतकी वर्षं नावं ठेवत आला ते हे होतं. त्याला तिची माया आली. जंगलात मी तुझं तोंड आठवत होतो, त्याला ओरडून सांगावंसं वाटलं, आणि तू इकडे माझ्यावाचून जगायला शिकत होतीस, एवढीशी पोर. मी मेलो असतो तर तू तरली असतीस. त्याचं त्याला बरं वाटलं. स्टेशनाकडून मेलची शिटी आली, लांबून, आणि त्याला कळलं की ती गेली. ती उपमंत्र्याची जागा पुढं यवतमाळकडच्या कोणाला मिळाली, आणि देवमनला दोनचार दिवस वाईट वाटलंच, तो काही संत नव्हता. पण त्या वेळी बाजेवर बसून त्यानं शिटी ऐकली ती शेजारच्याच्या कोंबड्याची बांग ऐकावी तशी.

आत केशरबाई नाक ओढत होती. रडत नव्हती अजून; की रडू परत फिरवून ठेवत होती. मग तिनं विचारलं, बाईनं बाईला विचारावं तसं, खालच्या आवाजात, "मंग परत आल्यावर कसं केलं व माय?"

"काय करन?" जयवंता म्हणाली. "नव्यानं वळख केली. अजून करूनच राहिली."

आणि केशरबाई हसली. अगदी थोडंसं, ओल्या नाकानं, पण ते हसणंच होतं. देवमन उठला. दोन बाया बोलत बसलेल्या घरात असं मध्येच जायचं नसतं, एवढं त्याला कळत होतं. तरी तो दारात वाकून आत गेला. जयवंतानं वर पाहिलं, सरळ त्याच्या तोंडाकडे. त्यानं सगळं ऐकलंय हे तिला कळलं, तिचं तोंड भीतीनं आणि कशाकशानं लहान झालं, पण तिनं नजर खाली घेतली नाही. काहीतरी बोलायला हवं होतं. बोलण्यावर निवडून आलेला माणूस तो.

"सरक जराशी," तो कसाबसा म्हणाला, आणि तिच्याजवळ जमिनीवर बसला.